वहीतले चौदा अंगठे

सिद्धार्थ,

परवा तुझ्या गावात तुझा जलदानविधी झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं अंगणात दाटीनं बसली होती आणि मधे तुझा फोटो, तोच, कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, ज्यात तू पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसतोस. दुसरा फोटो कुणाकडं नव्हताच. काढू दिलास कधी? मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी खरंच दोनच बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, जोडीदार गेला, गळा दाटला बिचाऱ्याचा. गळाबिळा काही दाटला नव्हता. मला तुझा राग आला होता, आणि गेलेल्या माणसावर त्याच्याच अंगणात ओरडता येत नाही, म्हणून बसलो.

आता ओरडतो. खोलीत कुणी नाही, खाली गिरणी चालू आहे, कुणाला ऐकू जायचं नाही.

ब्याण्णव साली आपण ही खोली घेतली तेव्हा मी तुला म्हटलं होतं, पिठाच्या गिरणीवर कसला इंग्रजीचा क्लास काढतोस, आवाजात कुणाला काय ऐकू येणार? तू म्हणालास, "बरं हाय की. पोरं वरडून बोलतील. भीती जाईल." आणि तसंच झालं. मंगळवार पेठेतल्या या खोलीतून बाहेर पडलेली पोरं कुठंही गेली तरी इंग्रजी ओरडूनच बोलतात. मुलाखतीला गेलेल्या एकाला साहेबानं पाण्याचा ग्लास पुढं केला होता, शांत हो म्हणून. तुला त्याचा केवढा अभिमान!

आपण दोघं एका वसतिगृहात राहिलेले, दोघंही इंग्रजी घेऊन बी. ए. झालेले, दोघांनाही शाळांनी दारातूनच परत पाठवलेलं. मला तीस दिवसांत इंग्रजी शिकवून मोकळं व्हायचं होतं. छापील वाक्यं द्यावीत, पाठ करून घ्यावीत, पोरगं खूश, बाप खूश. तुझं मात्र भलतंच. वाक्य खरं पाहिजे. खोटं वाक्य तू तपासायचाच नाहीस. पोरानं 'मी रोज सकाळी व्यायाम करतो' असं लिहिलं की तू त्याच्या पोटाकडं बघायचास आणि वही परत द्यायचास.

आणि त्यातही ते 'टेक केअर ऑफ'. काळजी घेणं, सांभाळणं. जून महिन्यात नवी बॅच आली की तिसऱ्या आठवड्यात तुझा तो धडा ठरलेला. फळ्यावर एवढंच लिहायचं आणि म्हणायचं, याचं एक वाक्य घरनं करून आणा. कुणाची काळजी घेता ते लिहा आणि त्या माणसाची वाक्यापुढं सही आणा. सही येत नसंल तर अंगठा. सहीशिवाय वाक्य बरोबर धरलं जाणार न्हाई. सही आणणाऱ्याला तू त्या माणसाबद्दल आणखी चार प्रश्न विचारायचास. आजीला कोणती गोळी चालू आहे, किती वाजता देतोस, रंग कसला तिचा? पोरगं अडखळलं की वही परत.

मी तुला किती वेळा म्हटलं, अरे लेका, इंग्रजी शिकवतोयस की पंचनामा करतोयस? अर्ध्या पोरांना त्या धड्याच्या आठवड्यात ताप यायचा. पण कबूल करतो, कागलकडची ती सुरेखा आठवली की आजही हसू येतं. तिनं लिहिलं, मी आमच्या म्हशीची काळजी घेते. तू म्हणालास, म्हशीची सही आण. वर्ग खिदळला. ती पोर सोमवारी वही घेऊन आली तर आख्ख्या पानावर चिखलानं उमटलेला खूर! तू ती वही दोन्ही हातांनी उचललीस, खिडकीजवळ नेलीस, निरखून बघितलीस आणि सगळ्यांसमोर लाल शाईनं बरोबरची खूण केलीस. म्हणालास, "हिनं म्हशीचा पाय उचलून वहीवर ठेवला आणि म्हशीनं लाथ मारली न्हाई. म्हंजे काळजी घेती ही."

पण माझ्या बाबतीत तू जे केलंस ते मात्र मी चौदा वर्षांत विसरलो नाही. आपलं त्यावर पुरतं भांडणही झालं नाही कधी. अर्धंच राहिलं.

क्लासचं दुसरं वर्ष होतं. मी तापाच्या भरात, म्हणजे तुझ्यावरच्या रागाच्या भरात, वर्गासमोर फळ्यावर लिहून दाखवलं: आय टेक केअर ऑफ माय फादर. बघा, इतकं सोपं असतं. आबा गारगोटीला, मी इथं. महिना दोन महिन्यांतून एखादी चक्कर. पण वाक्य तर बिनचूक होतं. तू मागच्या बाकावर बसला होतास. वाक्य वहीत उतरवून घेतलंस. मला वाटलं, जिंकलो.

तू रविवारी सकाळची गारगोटीची एसटी धरलीस. माझ्या बापाकडं गेलास. वही घेऊन!

सोमवारी तू वर्गात आलास आणि सरळ म्हणालास, "पाटील सरांच्या वडिलांनी सही केलेली न्हाई." पोरांसमोर. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग तूच सांगितलंस, आबांनी वाक्याचा अर्थ विचारला, तू सांगितलास, तर ते बराच वेळ विडीचं थोटूक चिमटीत धरून बसले आणि म्हणाले, "मास्तर, तेला म्हणावं, वही कशाला धाडतोस? तू ये." मग त्यांनी तुला चुलीपुढं बसवून जेवायला वाढलं. गल्लीतल्या दोघातिघांनी दारातून विचारलं म्हणे, पावणं कोणचं? कोण, कुणापैकी, हेच विचारायचं होतं त्यांना. आबा म्हणाले, "माझ्या पोराचं मास्तर हाईत." हे मला तू नाही, आबांनी नंतर सांगितलं. तू फक्त सही न झाल्याचं आणि त्यांच्या निरोपाचं सांगितलंस.

मी वर्गातच तुझ्यावर ओरडलो. म्हटलं, दुसऱ्याच्या बापाकडं जातोस, आधी तुझ्या आईचा अंगठा आण! तीपण तिकडं शाहूवाडीत एकटी आहे, डोंगरात. तू तरी कुठं तिच्यापाशी आहेस? आण अंगठा, मग शिकव आम्हाला.

शनिवारी गावी गेलास. सोमवारी तुझी वही टेबलावर उघडी: आय टेक केअर ऑफ माय मदर. आणि पुढं जांभळ्या शाईत अंगठा, ठसठशीत. मी खिडकीकडं वळलो. त्या दिवसापासून दर जूनला नव्या बॅचला तू ती वही दाखवायचास, दर वर्षी नवं वाक्य, नवा अंगठा. आणि दर वर्षी मी खिडकीबाहेर बघत उभा राहायचो. मला प्रत्येक जूनला एकदा लाज वाटली आहे, सिद्धार्थ. हिशेबानं चौदा वेळा.

त्या लाजेपायी का होईना, मी गारगोटीला जायला लागलो. दर शनिवारी. आबा दारातच म्हणायचे, "आलास काय सही न्यायला?" मी म्हणायचो, न्हाई, जेवायला. चार वर्षांनी एका दिवाळीत त्यांनीच वही मागून घेतली, सही केली, आणि सहीखाली मराठीत एक शब्द लिहिला: कधीकधी. मी ती तुला दाखवली तेव्हा तू टेबलावर डोकं ठेवून हसलास. मग उठून मला मिठी मारलीस. पिठानं माखलेला शर्ट तुझा, माझाही झाला. पुढच्या वर्षी आबा गेले. त्या शनिवारांबद्दल मी तुझे आभार मानायला हवे होते. पण आभार मानले असते तर भांडण तू जिंकलास असं झालं असतं, म्हणून मानले नाहीत.

मग मोबाईल आले. पोरं प्रत्येक मेसेजच्या शेवटी दोन अक्षरं टाकायला लागली, टेक केअरची. जिना उतरताना एकमेकांना तेच. मलाही सवय लागली. तू रात्री खोलीतच झोपायचास, मी घरी निघताना म्हणायचो, चल, टेक केअर. तू जिन्यातूनच ओरडायचास, "म्हंजे कुणी घ्यायची? काम सांगून पळतोस काय, भावा?" मी म्हणायचो, अरे पद्धत आहे ती जगाची, निरोप घ्यायची. तू म्हणायचास, "निघालेल्या माणसानं काळजीचं नाव काढू नये. थांबणाऱ्यानं काढावं." रोज संध्याकाळी तेच भांडण, त्याच पायरीवर. गिरणीवाल्यालाही आपले संवाद पाठ झाले होते.

दोन वर्षांपूर्वी तुझं डोकं दुखायला लागलं. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, गोळी सांगितली, रोज एक, चुकवायची नाही. मी रोज सकाळी विचारायचो, गोळी घेतलीस? तू म्हणायचास, "व्हय." खडूनं फळ्यावर काहीतरी लिहीत, माझ्याकडं न बघता. चार प्रश्न विचारायची अक्कल मला झाली नाही. तुझाच धडा होता तो! रंग कसला गोळीचा, किती वाजता घेतलीस, पाकीट दाखव. एक प्रश्न विचारला असता तरी पकडला गेला असतास. मी तुझं 'व्हय' ऐकायचो आणि माझं काम झालं असं समजून खुर्चीवर बसायचो.

शेवटच्या दिवशी मी निघताना नेहमीप्रमाणं म्हटलं, टेक केअर. आणि तू भांडला नाहीस. म्हणालास, "बरं." एवढंच. मी तीन पायऱ्या उतरलो होतो. चमत्कारिक वाटलं मला, खरंच वाटलं. पण दूध आणायचं होतं, बायकोनं सांगितलं होतं, मी उतरत राहिलो. त्या 'बरं'चं मी आता काय करू? दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवाल्याला तू टेबलापाशी पडलेला सापडलास. हजेरीच्या वहीखाली गोळ्यांची पाकिटं होती. पाच. एकही गोळी काढलेली नव्हती.

तर हा राग घेऊन मी परवा तुझ्या गावी आलो होतो. तेवढा पुरेसा होता. पण तुझं समाधान व्हायचं नव्हतं.

माणसं पांगल्यावर तुझ्या आईनं मला थांबवलं. म्हणाल्या, "रघू, तेच्या वह्या तू ने बाबा. मला काय कळतंय त्यातलं." मी क्लासमधून तुझं सामान पोचवलं होतं, त्यातल्याच वह्या. सगळ्यात वर तीच. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला तेवढंच बरं वाटेल, म्हणून अंगठ्यांची पानं उघडून म्हटलं, आई, हे बघा, तुमचे अंगठे. दर वर्षी वर्गाला दाखवायचा.

त्यांनी वही उजेडाला धरली. मग स्वतःचा अंगठा बघितला, मग परत वही.

"माजा न्हवं ह्यो."

मी म्हटलं, असं कसं, तुमचाच. चौदा आहेत.

"आरं माज्या अंगठ्यावर इळ्याची खूण हाय. आडवी. भात कापताना बसलेला. ही बग." त्यांनी अंगठा माझ्या डोळ्यांपुढं धरला. पेराच्या मधोमध खोल पांढरी रेघ. वहीत चौदा अंगठे, मोठे, गुळगुळीत, एकातही रेघ नाही.

मी तिथंच अंगणात फतकल मारून बसलो. तुझे होते ते. स्वतःचा अंगठा शाईत बुडवून आईचा म्हणून दाखवत होतास, चौदा वर्षं, आणि मी खिडकीबाहेर बघत मान खाली घालत होतो! खोटं वाक्य न तपासणारा तू! मला त्या क्षणी तू समोर हवा होतास. तुझी गचांडी धरून विचारायचं होतं, लबाडा, माझ्या बापाकडं जायला जमलं, आणि तुझ्या आईपुढं वही धरायला काय झालं होतं?

म्हणून मी आईंनाच विचारलं. यायचा का तो?

"यायचा की. म्हयन्याला यायचा. कौलं बगायचा, सरपान फोडायचा, माज्या गोळ्या आनायचा. एकेक गोळी तोंडात घालून, पानी पाजून, मग जायचा एसटीला." त्यांनी उंबऱ्याकडं बघितलं. "एकदा आलता वही घिऊन. लई वर्सं झाली. हितं उंबऱ्यात बसला. वही मांडीवर. मी म्हटलं, काय लिवालाईस रं? म्हनला, काय न्हाय. भाकरी खाल्ली आन् गेला."

म्हणजे तू गेला होतास. माझ्या त्या ओरडण्यानंतरच्या शनिवारी तू वही घेऊन घरापर्यंत गेला होतास आणि तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आबांचं उत्तर ऐकून आला होतास ना तू? तुझी आईही तेच म्हणाली तर, या भीतीनं वही मिटलीस. दर जूनला ती वही दाखवताना तुला काय वाटत होतं, ते मला आता कळलं, आणि कळून काही उपयोग नाही. ही गोष्ट तू मला जिन्यात सांगितली असतीस तर मी आठ दिवस तुला चिडवलं असतं आणि नवव्या दिवशी विसरलो असतो. चौदा वर्षं एकट्यानं ओझं कशाला वाहिलंस?

मी म्हटलं, आई, त्यानं मागितला असता तर दिला असता का अंगठा?

"न दिऊन? त्येनं मागितलाच न्हाई कवा."

मग त्यांनी विचारलं, वर काय लिहिलंय. मी सांगितलं: मी माझ्या आईची काळजी घेतो. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण रडल्या नाहीत. उठल्या, चुलीपाशी गेल्या, तवा पालथा केला आणि बुडाच्या काजळीवर अंगठा घासून आल्या. मी शेवटचं पान धरलं. त्यांनी तुझ्या अंगठ्याशेजारी अंगठा दाबला, जोर देऊन, वहीतून खाली जाईल इतका. काळ्या ठशात आडवी रेघ स्वच्छ उमटली.

"खाली लिव," त्या म्हणाल्या.

काय लिहू?

"माजी घितली. सोताची न्हाई."

मी लिहिलं. तसंच, त्यांच्या शब्दांत. आबांच्या 'कधीकधी'च्या शेजारी ठेवायला पाहिजे ते पान, भिंतीवर, आणि तुला त्याच्याखाली उभं करायला पाहिजे. बघायला पाहिजे होतंस तू, सिद्ध्या. तुला हवा होता तो अंगठा तुझ्या आईनं दिला, न मागता, आणि तू नव्हतास.

मी परतीच्या एसटीत तुझ्यावर चिडून बसलो होतो. मलकापूर गेल्यावर रडलो. शेजारच्या माणसानं विचारलं, काय झालं पावणं? मी म्हटलं, काही नाही, मित्रानं फसवलं. तो म्हणाला, लई वाईट. मी म्हटलं, व्हय.

सोमवारी नवी बॅच आहे. तुझा तो धडा आता मला घ्यायचा आहे. पोरांना तुझी वही दाखवणार आहे, सगळी. चौदा खोटे अंगठे आणि एक खरा. तुझी लबाडी सांगणार, माझीही सांगणार. हसू देत त्यांना. गिरणीच्या आवाजात हसावंही ओरडूनच लागतं. मग फळ्यावर माझं वाक्य लिहीन. यंदा कुणाचं नाव घालायचं ते परवाच तुझ्या अंगणातून निघताना ठरलंय. मी चपला घालत होतो आणि तोंडातून सवयीनं निघालंच, आई, काळजी घ्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. तू जिन्यातून बघायचास अगदी तसंच.

त्यांच्या गोळ्या शुक्रवारपर्यंत पुरतील. पांढरी सकाळी, गुलाबी रात्री जेवल्यावर. मी शनिवारी पहिल्या एसटीनं जातोय. वही इथंच ठेवून जातो.

रघू